शरणप्पांची गँग

पेरणीला हिरवा झेंडा दाखवणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल. मी दरवर्षी पाहते. आमच्या घरांमागच्या रानात ट्रॅक्टर उभा असतो, पेरणीयंत्रात बियाणं भरलेलं असतं, ड्रायव्हर कंटाळून जांभया देत असतो आणि बांधावर शरणप्पा अण्णा उभे असतात. डोक्याला पांढरी टोपी, अंगात निळा शर्ट, हातात गुंडाळलेला झेंडा. आधी ते वाकून मूठभर माती उचलतात, हुंगतात, मग घड्याळ बघतात. मग झेंडा उलगडून हात लांब करतात आणि म्हणतात, "लाईन क्लिअर." त्याआधी ट्रॅक्टर वीतभर जरी पुढं गेला, तरी त्याला मागं येऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. एका नव्या ड्रायव्हरनं एकदा वैतागून विचारलं होतं, की रानात कोण आडवं आलंय म्हणून थांबायचं? अण्णांनी जमिनीकडं बोट दाखवलं आणि शांतपणे सांगितलं, "खाली गँग हाय. कामावर लागू दे की."

झेंडा रेल्वेचा नाही. रेल्वेचा झेंडा त्यांनी निवृत्तीच्या दिवशी धुऊन, इस्त्री करून परत केला आणि त्याची पोच लिहून घेतली. हा झेंडा हिरव्या खणाचा आहे, आमच्या कुंभारी गावच्या शिंप्यानं शिवलेला, आणि त्याचा जरीचा काठ उन्हात चमकतो. लाल झेंडाही आहे. तो तणनाशक विकायला आलेल्या माणसांसाठी आणि माझ्यासाठी राखून ठेवलेला होता.

माझ्यासाठी का, ते सांगते. मी आरोग्य सेविका. मूळची नातेपुत्याची; बदल्या होत होत कुंभारीला आले आणि अण्णांच्या भिंतीला भिंत असलेलं घर भाड्यानं घेतलं. बावीस वर्षं मी एकच काम केलं, ते म्हणजे जंतू मारणं. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगची पूड, टाका, गटारात पावडर मारा, हात साबणानं धुवा, पाणी उकळा. आमच्याकडं जंतू या शब्दापुढं दुसरा कुठलाही शब्द येत नाही, 'नाश' सोडून. आणि माझ्या शेजारी हा माणूस जंतू पाळत होता. लोक कोंबड्या पाळतात, शेळ्या पाळतात. यांनी जंतू पाळले होते, आणि वर त्यांना लाडकी नावंही दिली होती.

अण्णा होटगीला पॉइंट्समन होते. होटगी हे जंक्शन. एक फाटा वाडीकडं, एक विजापूरकडं, एक सोलापुराकडं. तिथं चौतीस वर्षं त्यांनी रुळांचे सांधे बदलले आणि झेंडे दाखवले. त्यामुळं त्यांच्या बोलण्यात रेल्वे इतकी मुरली आहे, की गावातल्या कुणाचं लग्न मोडलं तर ते 'गाडी रद्द' म्हणतात आणि पाहुणा लवकर उठत नसेल तर 'यार्डात लागला' म्हणतात. त्यांच्या घरात कानडी बोलतात, गल्लीत मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम. मला सगळ्यांसमोर 'सिस्टर' म्हणतात. चहाच्या वेळी मात्र भिंतीवरून 'बा तंगी, चहा कुडी' अशी हाक येते, म्हणजे ये बहिणी, चहा पी. चहा छान करतात. मग त्या चहावर आमचं भांडण सुरू होई आणि माझी ड्युटीची वेळ होईपर्यंत ते चाले.

भांडणाला कारण लागत नसे. मी अंगणात भाताची गरम पेज ओतली की अण्णा भिंतीवरून डोकं काढत. "सिस्टर, गरम पानी वततायसा? खाली मंडळी हायत." मी म्हणे, असू देत, मरू देत. हे म्हणत, तुमाला कुनी सरकारी नोकरी दिली. मी फिनेल शिंपडलं की लाल झेंडा भिंतीवर लागे आणि दुपारपर्यंत तिथंच फडफडे. गल्लीतल्या बायका त्यावरून ओळखत की सिस्टरनं आज पुन्हा काहीतरी केलं.

एकदा तर त्यांनी माझी पार शोभा केली. शाळेत हात धुण्याचा कार्यक्रम होता. मी पोरांना रांगेत बसवून सांगत होते, की आपल्या हातावर, नखांत, मातीत सगळीकडं जंतू असतात आणि ते आपले शत्रू आहेत. मागच्या दारात अण्णा उभे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पोरांसारखा हात वर केला आणि म्हणाले, की सगळे शत्रू न्हाईत, काही ड्युटीवर असत्यात. मग त्यांनी खिशातून एक हरभऱ्याचं रोप काढलं आणि पुढची दहा मिनिटं सगळी शाळा त्या रोपाच्या मुळाभोवती गोळा झाली. माझा साबण बादलीत तसाच विरघळत राहिला. संध्याकाळी मी त्यांना भिंतीवरून इतकं सुनावलं, की पलीकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांनीही भुंकायचं थांबवलं.

हे वेड त्यांना निवृत्तीनंतर लागलं. ते सोलापुरात एका शेतकरी मेळाव्याला गेले होते, आणि जेवणासाठीच गेले होते असं ते स्वतःच सांगतात. तिथं एका तरुण मॅडमनं कडधान्याच्या मूळकुजीवर आणि मर रोगावर भाषण केलं. मातीत एक बुरशी असते, ती मुळातून आत शिरते, झाडाच्या नसा बंद करते आणि हिरवंगार झाड उभ्या उभ्या मान टाकतं. औषध मारून ती जात नाही, कारण ती वर्षानुवर्षं मातीत टिकून राहते. पण मातीत काही चांगले जिवाणूही असतात. ते बियाण्याला चोळले तर उगवणाऱ्या मुळावर आधी तेच वस्ती करतात आणि बुरशीला जागा देत नाहीत. बाकीचे श्रोते बुंदीची वाट बघत होते. अण्णा मात्र खुर्चीत ताठ बसले, कारण हे त्यांना बुंदीपेक्षा गोड लागलं. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं?

मला त्यांनी ते असं समजावलं. "मूळ म्हंजी सिंगल लाईन, सिस्टर. एका सेक्शनमदी एका वक्ताला एकच गाडी. बुरशीची गाडी आदी घुसली तर झाड गेलं. आपली गाडी आदी लावली, की बुरशी आऊटरला, टेशनाभाईर, उभी ऱ्हाती. बसू दे शिट्टी मारत."

मॅडमनी सांगितलेली नावं त्यांच्या जिभेला मानवली नाहीत. रायझोबियमचा त्यांनी रायबा केला आणि सुडोमोनासचा सुदामा. रायबा मुळावर गाठी करून झाडाला जेवू घालतो आणि सुदामा दारावर बसून पहारा देतो, अशी वाटणी. दोघांना मिळून गँग. रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनना कुणी ओळखत नाही, पण ते आहेत म्हणून गाड्या धावतात, हे ते दर चार दिवसांनी मला ऐकवत. मी म्हणे, तुमच्या गँगला एकदा माझ्या दवाखान्यात पाठवा, बघते त्यांच्याकडं.

इथवर सगळी गंमत होती. गंमत संपली ती महेशच्या बोलण्यानं. महेश हा अण्णांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर. मुलगा वाईट नाही, उलट फार काळजी करणारा. आई गेल्यावर अण्णा एकटे पडले, एकदा न्हाणीघरात घसरून पडले ते दोन तासांनी मला कळलं, तेव्हापासून त्याचा धोशा होता, की रानाचे प्लॉट पाडू आणि तुम्ही पुण्याला चला. कुंभारीच्या आजूबाजूला सगळीकडं घरं झालीच आहेत. आणि अण्णांचं रान म्हणजे तरी काय, आमच्या घरांमागचा एक एकराचा तुकडा. गावात त्याला 'मरका तुकडा' म्हणतात. तिथं हरभरा पेरला की महिनाभरात निम्मा जाणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. ज्वारी येत होती, पण ज्वारी काय कुणालाही येते, असं अण्णांचं म्हणणं.

त्या वर्षी संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला महेश आला, तेव्हा तो स्पष्टच बोलला. अण्णा, तुमच्या त्या गँगमध्ये खरंच दम असेल तर मरक्या तुकड्यात हरभरा उभा करून दाखवा. पुढच्या जत्रेला मी येईन. हरभरा उभा असेल तर मी प्लॉटचं नाव काढणार नाही, आणि तुम्ही इथंच राहा. नसेल तर सामान बांधायचं. अण्णांनी हिरवा झेंडा आणून बापलेकांच्या मधे ठेवला आणि करार झाला असं जाहीर केलं. मी साक्षीदार. मला आतून वाटलं होतं, की बरं होईल, हा जंतूंचा कारखाना शेजारून जाईल. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं.

आता माझी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला अजून मान खाली घालावीशी वाटते. हरभरा पेरायचा तो परतीचा पाऊस झाल्यावर, रानात वापसा आला की. म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, पेरायला नेमकी. तो चार-पाच दिवस टिकतो. त्याच्या आठ दिवस आधी अण्णांनी दोन घरांच्या मधल्या कट्ट्यावर मोठं निळं पिंप मांडलं. त्यात पाणी, गूळ आणि शहरातून आणलेली रायबा-सुदामाची पाकिटं. वरून गोणपाट. रोज सकाळ-संध्याकाळ ते काठीनं ढवळायचे आणि ढवळताना कानडीत काहीतरी पुटपुटायचे. चार दिवसांत त्याला फेस आला आणि आंबूस वास सुटला. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत जुलाबाचे पाच पेशंट निघाले. वरून हुकूम आला, की घरोघरी जा, साठवलेलं पाणी तपासा, उघडं असेल तर टीसीएल टाका.

अण्णा त्या दिवशी बियाणं आणायला बाजारात गेले होते. मी पिंपावरचं गोणपाट उचललं. आत तो फेस. ते कुणी पिणार नाही, हे मला समजत होतं. ते अण्णांचं काहीतरी आहे, हेही समजत होतं. पण बावीस वर्षांची सवय आणि भिंतीवरचा तो लाल झेंडा, दोन्ही एकदम अंगात आलं. मी टीसीएलचं दाट द्रावण केलं आणि चांगले तीन मग आत ओतले. काठीनं ढवळलं. गोणपाट पुन्हा नीट झाकलं. मग वहीत लिहिलं, 'पिंप एक, प्रक्रिया केली', आणि त्या दिवशी मला छान झोप लागली.

चार दिवसांनी अण्णांनी त्याच पाण्यात बियाणं घोळलं, सावलीत वाळवलं, झेंडा दाखवला आणि पेरणी केली. हरभरा सुरेख उगवला. एकवीस दिवस सगळा तुकडा हिरवागार होता आणि अण्णा गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून बांधावर नेत होते. मग मर लागली.

अण्णांकडं एक जाड रजिस्टर आहे. स्टेशनात गाड्यांच्या वेळा लिहितात तसं. मेलेल्या प्रत्येक झाडाची त्यात नोंद होई. 'ओळ अकरा, झाड चार, चौदा वीस वाजता मान टाकली.' 'ओळ अकरा, झाड पाच, चौदा पस्तीस.' आधी मला हसू आलं. मग पानंच्या पानं भरायला लागली आणि हसू आटलं. दिवसभर ते ओळींमधून वाकून फिरत. चहाला हाक मारायचंही विसरत. भांडायला गेलं तर हो हो म्हणत. भांडणात समोरचा हो म्हणायला लागला की काही मजा राहत नाही.

एका दुपारी त्यांनीच मला बांधावर बोलावलं. दोन झाडं उपटून ठेवली होती. एक मेलेलं. त्याचं मूळ त्यांनी ब्लेडनं उभं चिरलं, तर आत काळपट तपकिरी रेघ, बंद पडलेल्या नसेसारखी. मग बांधाच्या कडेचं एक ठणठणीत झाड. त्याच्या मुळावर बारीक गाठी. एक गाठ त्यांनी माझ्या तळहातावर ठेवून चिरली. आत लालसर गुलाबी, अगदी रक्तासारखं. मी नर्स आहे हो. रक्त मी रोज बघते. पण झाडाच्या मुळाशी, मातीत, कुणीतरी जिवंत राहून काम करतंय हे त्या रंगानं मला जे सांगितलं, ते त्यांच्या सगळ्या भाषणांनी सांगितलं नव्हतं.

"ह्यो रायबा," ते म्हणाले. "ह्या कडंला त्यो जुना हाय, आपोआप आलेला. मी आनलेली गँग कुटं गेली, तेवडं कळंना झालंय."

मला कळलं.  तीन मग. काठीनं ढवळून. वर वहीत नोंद. मी म्हणाले, ऊन लागतंय, आणि घरी आले. त्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नाही सांगितलं. भित्री होते म्हणून नाही सांगितलं.

जत्रेला महेश आला तेव्हा तुकड्यात निम्म्याहून जास्त जागा उघडी पडली होती. त्यानं टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, अण्णा, चला आता. आणि आयुष्यात कुणाकडं काही न मागितलेला हा माणूस मुलाला म्हणाला, की मला एक सीझन दे, एकच, त्यानंतर मी तुझ्या सहाव्या मजल्यावर येऊन गप बसतो. महेश माझ्याकडं बघायला लागला. मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, "द्या की एक वर्ष, काय बिघडतं?" की तो दचकला आणि हो म्हणाला.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते मला माहीत. पाऊस सुरू झाल्यापासून मी अण्णांच्या मागं लागले. पिंप कट्ट्यावर नको, रानातल्या झोपडीच्या सावलीत ठेवू. नळाचं पाणी नको, त्यात टीसीएल असतं, बोअरचं घेऊ. गूळ पाण्यात उकळला तर गार झाल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही. हात धुऊन मगच ढवळायचं, पण साबण नीट निघाला पाहिजे. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. म्हणाले, सिस्टर, तुमची बदली आमच्या खात्यात झाली काय? मी म्हणाले, तुम्हाला एकट्याला काही नीट जमत नाही म्हणून बघावं लागतं. ते खूश झाले आणि त्यांनी मला झोपडीची दुसरी किल्ली दिली.

आणि मग तो दिवस आला. पुन्हा परतीचा पाऊस, पुन्हा पाण्याची तपासणी. आमच्या गावची आशाताई, माझ्याच हाताखाली शिकलेली, फार कामसू बाई, हातात मग घेऊन थेट झोपडीत पोचली; सकाळी ढवळून झाल्यावर कुलूप लावायचं माझ्याकडूनच राहिलं होतं. मागच्या दारातून ते दिसताच मी पळत गेले. या वयात, साडी वर खोचून, ढेकळांतून पळाले. ती गोणपाट उचलत होती. मी पिंपावर दोन्ही हात आडवे टाकून उभी राहिले.

"ह्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"अवो पन सिस्टर, फेस आलाय की. वास बगा. तुमीच तर शिकवलंय."

"शिकवलं होतं. हे वेगळं आहे. हे ड्युटीवर आहेत."

आशाताई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं मी अण्णांकडं दहा वर्षं बघत आले होते. ती निघून गेली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की सिस्टरलाही लागण झाली. मी मनावर घेतलं नाही.

पेरणीच्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून बियाणं घोळलं. पिंपातलं पाणी थोडं थोडं शिंपडायचं, हलक्या हातानं वरखाली करायचं, साल निघता कामा नये, मग लिंबाच्या सावलीत पोत्यावर पसरायचं. ऊन दाखवायचं नाही. बाळाला तेल लावतात तेवढ्याच हलक्या हातानं, आणि ते काम मला येतं. ट्रॅक्टर आला. अण्णांनी माती हुंगली, घड्याळ बघितलं आणि झेंडा माझ्या हातात दिला. मला वाटलं, लोक हसतील. हसलेही. मी हात लांब केला आणि जमेल तेवढ्या खणखणीत आवाजात लाईन क्लिअर दिली.

एकविसाव्या दिवशी मी दवाखान्यात रजा टाकली. खरंच टाकली. कारण लिहिलं, घरगुती अडचण. आम्ही दोघं सकाळपासून ओळींमधून फिरलो. एकही झाड पडलं नव्हतं. पंचविसाव्या दिवशी दोन पडली आणि अण्णांनी ती वेळेसकट लिहिली. तिसाव्या दिवशी एक. साठाव्या दिवशी रजिस्टरात ओळीनं कोरी पानं होती आणि अण्णा ती कोरी पानं गल्लीत सगळ्यांना उघडून दाखवत होते. लोकांना आधी कळेना, की कोऱ्या पानावर बघायचं काय. मग ते बांधावर गेले आणि त्यांना कळलं. मरक्या तुकड्यात हरभरा गुडघ्याला लागत होता. घाटे धरले होते. मधे एक टक्कल नाही.

शेजारच्या रानातले सिद्राम तात्या दहा वर्षं अण्णांना 'जंतूमास्तर' म्हणून चिडवत होते. ते एका सकाळी आले, बराच वेळ बांधावर उकिडवे बसले, एक झाड उपटून मुळाच्या गाठी मोजल्यासारख्या बघितल्या आणि म्हणाले, "शरणप्पा, ते पिंप मला कदी देतोस?" अण्णांनी हे ऐकायला किती वर्षं वाट पाहिली असेल. पण त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हणाले, पिंप मिळंल, पन आदी हात धुवून या, सिस्टर बगत्यात. शाळेत या वर्षी हात धुण्याच्या कार्यक्रमाला मीच त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. माझं भाषण झाल्यावर त्यांचं. पोरांनी टाळ्या त्यांनाच जास्त वाजवल्या.

भोगीच्या दिवशी महेश आला, बायकोला घेऊन. गाडीतून उतरला तो आधी घरात न जाता मागं रानात गेला. आम्ही सगळे त्याच्या मागं. तो बांधावर थांबला, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि अनवाणी ओळीत शिरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. एक डहाळा उपटला, घाटा सोलला, खाल्ला, एक बायकोला दिला. भोगीच्या भाजीला हरभरा घरचाच घ्यायचा असं तिनं लगेच ठरवूनही टाकलं. महेश अण्णांना म्हणाला, "अण्णा, जिंकलात तुम्ही. राहा इथंच. न्हाणीघरात मात्र धरायला दांडी बसवतो, त्याला नाही म्हणू नका."  अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी मात्र तिथंच बांधावर रडले, आणि कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरच्या दिवशीही झाला नव्हता.

जत्रा झाली, महेश गेला, आणि माझ्या मनातला काटा तसाच. दोन दिवसांनी मी चहाला गेले. आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. कप खाली ठेवला आणि सरळ बोलून टाकलं. की मागच्या वर्षी तुमचं पिंप मी मारलं. टीसीएल टाकलं. तीन मग. तुमची गँग माझ्यामुळं मेली, तुमचं घर सुटायची वेळ आली ती माझ्यामुळं, आणि मी वर्षभर तोंड शिवून बसले.

अण्णा बशीत चहा ओतत होते. ओतून झाल्यावर म्हणाले, "ठावं हाय की मला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बाजारातनं आलो, गोनपाट उचललं, तवाच टीसीएलचा वास आला. स्टेशनातल्या टाकीत आमीच टाकत हुतो. नवं पिंप करायला आट दिस लागत्यात, वापसा थांबत न्हाय. म्हटलं, एकादा गडी तरी वाचला आसंल आत. तसंच पेरलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? बांधावर तर उलट गँग कुठं गेली कळेना म्हणालात. महेशसमोर एक शब्द टाकला असता तर त्यानं वर्ष आपणहून दिलं असतं. तुम्हाला त्याच्यापुढं हात पसरावे लागले नसते. माझ्यावर ओरडायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या. तुमचा हक्क होता.

त्यांनी बशी खाली ठेवली. खिडकीतून मागचं रान दिसत होतं. माझ्याकडं न बघता, तिकडं बघत बोलले.

"बोललो आसतो तर तुमी लाजला आसता, तंगी. मग चहाला आला आसता, पन खाली मान घालून. भांडला नसता. चौतीस वर्सं समोरनं गाड्या भरभरून मानसं गेली, मी झेंडा दाखवत उबा. एक जन उतरून माज्याशी भांडाय थांबला न्हाय. घरची गेली. पोरगं पुण्याला. ह्या गल्लीत माज्याशी मोठ्यानं बोलनारं मानूस तुमी एकटं. एका सालाच्या हरभऱ्यापायी त्ये घालवायचं व्हय?"

 त्यांच्यासारख्या माणसाशेजारी मी दहा वर्षं राहिले आणि मला वाटत होतं, की मी त्यांना सहन करते. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी शब्द शोधले, पण ते माझ्यापाशी नव्हतेच. आणि अण्णा वाट बघत होते. खुर्चीत जरा पुढं सरकून, कान देऊन; चांगलं बोलण्याची नव्हे, भांडणाची.

मग मी डोळे पुसले, पदर खोचला आणि आवाज चढवून विचारलं, की अण्णा, तुमच्या त्या न्हाणीघराचं पाणी रोज माझ्या दारात येतं, त्याचं काय करणार आहात ते आज मला सांगाच. ते हसले नाहीत. त्यांनी उठून माझा कप पुन्हा भरला, समोर बसले आणि तितक्याच मोठ्या आवाजात भांडायला लागले.